केडगावच्या बाई

मंडळी, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशने मागे टाकीत गाडी केडगावला येते. आज त्या बाजूला ऊस दिसतो, बागायत दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तिथे उघडा माळ होता. त्या माळावर एका बाईने विहिरी खणल्या, छपरे घातली आणि दुष्काळाने रस्त्यावर फेकलेल्या शेकडो पोरीबाळींना तिथे आणून जगवले. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटले, की विधवांचे शिक्षण, शारदासदन, परदेशचा प्रवास अशा गोष्टी आपल्याला आठवतात. शाळेत गुरुजीही तेवढेच सांगतात, आणि ते खोटे नाही. पण आज मला त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू सांगायची आहे. या बाईच्या घरात एकामागून एक माणसे गेली. तिचे कान अधू झाले, पुढेपुढे तब्येतही साथ देईना, आणि अखेरीस पोटची एकुलती एक मुलगी डोळ्यांदेखत खंगत गेली. तरी तिची प्रार्थना थांबली नाही. आता प्रार्थना केली की दुखणे पळते, असे सांगायला काही मी आलो नाही. उलट रमाबाईंच्या आयुष्यात कितीतरी प्रार्थनांना हवे ते फळ आलेच नाही. मग त्या प्रार्थना का करीत राहिल्या? विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती हीच.

पहिल्यापासून सुरुवात करू. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पुण्याला गुरूच्या घरी शिकत असताना त्यांनी पाहिले, की पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते. त्यांच्या मनाने घेतले, की आपणही बायकोला शिकवायचे. पण गावात ते कोणी शिकवू देईना. तेव्हा शास्त्रीबुवा उठले आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईला शिकवले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल सहा महिन्यांचे असेल नसेल, तोच घर मोडले आणि कुटुंब यात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले होते. अशी या मुलीच्या आयुष्याची सुरुवातच वाटेवर झाली. आईने तिला तोंडी शिकवले. पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत भागवत तिला मुखोद्गत होते.

या घरचा व्यवसाय पुराण सांगण्याचा. देवळाच्या ओवरीत बसावे, पोथी वाचावी, लोक जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा. शिवाय व्रते, उपासतापास, प्रदक्षिणा, दानधर्म हे सगळे शास्त्रात सांगितल्याप्रमाणे काटेकोर चाललेले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दिवस वाईट आले. गाठीला होते नव्हते ते संपले. तरी अमुक देवाला इतक्या प्रदक्षिणा घातल्या तर संकट टळेल, अमुक दान केले तर धन मिळेल, या आशेवर उरलेला पैसाही त्यातच गेला. पुढे भांडीकुंडी आणि अंगावरचे चांगले कपडे विकण्याची पाळी आली. शेवटी झाडपाला आणि रानातली फळे खाऊन हे पाच जणांचे कुटुंब तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात जाऊन पडले.

वडील म्हातारे, डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलांचे निरोप झाले. सगळ्यांत धाकटी म्हणून रमेला जवळ घेऊन त्यांनी तिला देवाच्या हाती सोपवल्याचे सांगितले आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे बजावले. थोरला भाऊ श्रीनिवास मात्र म्हणाला, की मी ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून हमाली करीन, पण तुम्ही असे जाऊ नका. जलसमाधी टळली, पण भुकेने आणि तापाने वडील थोड्याच दिवसांत गेले.

त्यानंतर आईची पाळी आली. रमाबाईंनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. आई अंथरुणाला खिळलेली. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटला. शेजारी एका ब्राह्मण बाईकडे ही सोळा वर्षांची मुलगी मागायला गेली, पण मागण्याचा शब्द काही तोंडातून फुटेना. डोळ्यांतून मात्र पाणी आले. त्या बाईने काय ते ओळखले आणि भाकरी दिली. ती घेऊन मुलगी धावत परत आली, पण आईच्या अंगात ती खाण्याचे त्राणच उरले नव्हते. आई गेली. मढे उचलायला माणसे मिळेनात. महाप्रयासाने दोघे ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमेने दिला. तिची उंची इतकी कमी, की खांद्याऐवजी तिला ते लाकूड डोक्यावर घ्यावे लागले. मंडळी, हे वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आता पाचांतले दोघे उरले.

ही बहीणभावंडे हजारो मैल पायी फिरली. काश्मीरपासून आसामपर्यंत भटकली. थंडीत कधी जमीन उकरून खड्डा केला आणि अंगावर माती ओढून रात्र काढली. एवढे करून जी श्रद्धा वडिलांनी दिली होती ती हळूहळू विरली. शास्त्राने सांगितले ते सगळे केले, मग असे का झाले, हा प्रश्न त्या दोघांच्या मनात घर करून बसला. खेड्यापाड्यांत ज्या कोणी नवस फेडून फेडून शेवटी घर रिकामे झालेले पाहिले असेल, त्याला हा प्रश्न नवा नाही.

१८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या बावीशीच्याही आतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. एक गंमत त्याच दिवसांतली. काही ख्रिस्ती मंडळींनी दोघांना आपल्या मेळाव्याला बोलावले. चहा-बिस्किटे झाली आणि मग सगळे लोक उठून आपापल्या खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसले. या दोघांनी मूर्तीपुढे, झाडापुढे, गाईपुढे हात जोडणारे लोक पाहिले होते. त्यांना वाटले, की ही मंडळी खुर्च्यांची पूजा करताहेत! रमाबाईंनी पुढे ही हकीकत मोठ्या खुशीने सांगितली आहे. त्याच लोकांनी त्यांना संस्कृतातले बायबल भेट दिले. आता भागवत पाठ असलेली ही पंडिता, पण ते संस्कृत तिला काही केल्या कळेना. भाषा संस्कृतच, पण तऱ्हा अशी वेगळी, की वाचायचा कंटाळा आला आणि पुस्तक बाजूला पडले. ही लहानशी गोष्ट लक्षात असू द्या. तिचा धागा पुढे लागणार आहे.

१८८० साली ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला. मरताना त्याला एकच घोर, की मागे या बहिणीचे कोण? तिने सांगितले, की तुला मला देवाशिवाय दुसरे आहे कोण? तेवढ्याने भावाचे समाधान झाले. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणीचे. त्या काळात ही केवढी गोष्ट! सिलचरला संसार मांडला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले आणि त्या ते वाचू लागल्या. एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन समजावून सांगे. नवऱ्याला ते फारसे रुचले नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू गेले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. दहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यातले त्यांचे काम, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढली साक्ष, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून ती इथे सोडतो. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. इथे त्यांच्यावर दोन आघात झाले. पहिला म्हणजे बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिच्या मनाचा तोल गेला आणि तिने स्वतःचा जीव घेतला. दुसरा आघात कानांचा. रमाबाईंना ऐकू कमी येत होते आणि अशा माणसाला डॉक्टर होता येणार नाही, असे सांगण्यात आले. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते दारातच संपले.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. का घेतला? पुष्कळांनी पुष्कळ तर्क केले. कोणी म्हणाले आमिष, कोणी म्हणाले एकटेपणा. त्यांनी स्वतः जे सांगितले ते असे. मठातल्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला वाट चुकलेल्या बायकांसाठी घर चालवले होते. ते पाहायला रमाबाई गेल्या. आपल्याकडे ज्या बाईला कोणी दारात उभे करीत नाही, तिची इथे बायका मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. असे का, म्हणून विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ती गोष्ट त्यांच्या काळजाला भिडली.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे सांगितले ते सगळे मान्य केले, असे समजू नका. या बाई पक्क्या शास्त्र्याच्या लेकी! सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चाले, त्यात वादच वाद. मला जे समजत नाही ते मी म्हणणार नाही, असा त्यांचा हेका. क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असेही त्यांनी विचारले. मांसाहार त्यांनी कधीच केला नाही. शेवटपर्यंत पांढरे लुगडे नेसत. इंग्लंडातल्या मंडळींना ही बाई हट्टी वाटे, आणि इकडे पुण्यात ती परक्यांची झाली असे म्हणत. दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

बाप्तिस्मा झाला तरी मनाला स्वस्थता नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली. म्हणजे साधारण १८९१ पर्यंत ही बाई शोधीतच होती. ज्यांना वाटते की श्रद्धा एका दिवसात येते आणि मग माणूस निर्धास्त होतो, त्यांनी या आठ वर्षांचा हिशेब मांडावा.

अमेरिकेत पैसे जमवून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही, असा करार होता आणि सल्लागार मंडळात रानडे-भांडारकरांसारखी माणसे होती. आता भानगड कशावरून झाली पहा. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार लावीत नसत. हळूहळू काही मुली दारात येऊन उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू खरी? मला वाटते, टीकाकार अगदीच निराधार बोलत नव्हते. लहान वयाच्या, घरून तुटलेल्या मुली, ज्या बाईने आपल्याला उचलून धरले ती जे करते तेच करणार, हे उघड आहे. दार उघडे ठेवणे म्हणजे एक प्रकारे बोलावणेच, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. पण रमाबाईंचीही बाजू आहे. माझ्या घरात मी लपूनछपून देवाचे नाव का घ्यावे, हा त्यांचा सवाल. आईबाप, भाऊ, नवरा सगळे गमावलेल्या बाईजवळ उरले होते काय? एक मुलगी आणि एक सकाळची प्रार्थना. त्यातली प्रार्थना दार लावून कर म्हणणे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. दार उघडेच राहिले. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि पुण्यातले कितीतरी स्नेही गमावले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी लिहिले आहे, की आधी जायला मन धजेना. आपल्याजवळ पैसा नाही, माणसे नाहीत. पण वीस वर्षांपूर्वीचे ते जंगल, ती बाजरीची भाकरी आठवली आणि घरी बसवेना. त्या गेल्या, मदतकेंद्रे आणि अन्नछत्रे हिंडल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा केल्या. तीनशेच्या आसपास मुली आणल्या. पण पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या माळावर घेऊन ठेवलेली जमीन उपयोगी आली. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या, आणि त्या वस्तीचे नाव पडले मुक्ती. १९०० साली गुजराथेत दुष्काळ आला तेव्हा तिथूनही मुली आणल्या. तेव्हा मुक्तीत माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे काय, हे गावात पंक्ती वाढणाऱ्यांना सांगायला नको. रोजचे पीठ, रोजचे सरपण, रोजचे पाणी. त्यात आलेल्या मुली धडधाकट नव्हेत. कोणाचे पोट बिघडलेले, कोणाच्या अंगावर व्रण, कोणी इतक्या उपाशी की अन्न पचेना. कितीतरी मुली वाचल्या नाहीत. प्रार्थना चाले ती अशा माणसांत. सकाळी मढे पुरून यायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुडघे टेकायचे. तरी बाईंनी तक्रारीचे तोंड बंद ठेवले नव्हते हो! १८९७ साली आपल्या एका मुलीची पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेत काय दशा झाली, याबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला. मुंबईच्या गव्हर्नरने आरोप नाकारले. पण साहेबाचा धर्म आणि आपला धर्म एक म्हणून गप्प बसावे, असे या बाईला वाटले नाही.

मुक्तीत कामाची वाटणी होती. शेती, हातमाग, दूध, दळण, छापखाना. आंधळ्या बायकांसाठी बार्तिमी सदन होते. आंधळ्यांना बोटांनी वाचायला शिकवण्याची विद्या मनोरमाबाई परदेशातून शिकून आल्या होत्या. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. पाहायला आलेले काही पाहुणे गोंधळून गेले. त्या गजरात उभ्या असलेल्या बाईंना मात्र नीट ऐकूच येत नसे, हा एक योगच म्हणायचा.

आता त्या बाजूला पडलेल्या संस्कृत बायबलाकडे येऊ. मराठीत बायबल नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मिशनऱ्यांनी मराठी भाषांतरे केली होती. पण ती भाषा पुस्तकी, संस्कृत शब्दांनी भरलेली. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला ती कशी कळावी? स्वतः पंडिता असून एकदा आपल्याला ते पुस्तक कळले नव्हते, हा अनुभव रमाबाईंच्या गाठीला होता. शिवाय काही संस्कृत शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास लागलेला असतो, ते वापरले की वाचणाऱ्याच्या मनात दुसराच अर्थ उमटतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी ठरवले, की मूळ भाषांतून सोपे मराठी बायबल आपणच करायचे. मूळ भाषा म्हणजे हिब्रू आणि ग्रीक. वय पंचेचाळिशीच्या पुढे, संस्थेचा रगाडा डोक्यावर, कान अधू. तरी बाई दोन्ही भाषा शिकल्या. कोश आणि व्याकरणे पुढे ठेवून कामाला बसल्या.

हे काम १५ वर्षांहून अधिक चालले. यात मला सर्वांत नवल वाटते ते छापखान्याचे. खिळे जुळवणे, छापणे, पाने लावणे, बांधणी करणे, हे सगळे मुक्तीतल्या बायका करीत. ज्या मुलीला दुष्काळात कोणी कुत्र्यासारखे हाकलले असेल, तीच आता मराठी अक्षरांचे खिळे उचलून ओळ लावते आहे, आणि ती ओळ तपासायला बाई बसल्या आहेत. आता असा प्रश्न निघेल, की एकट्या माणसाने, तेही एका बाईने, एवढे मोठे भाषांतर केले, ते उतरले कसे? जाणकारांनी त्यात दोष काढले. मुळाला इतके चिकटून जाण्याने मराठी जागोजाग अवघडली, असेही म्हटले गेले. चर्चमध्ये ते भाषांतर रूढ झाले नाही, हेही खरे. पण सगळे बायबल मूळ भाषांतून एकट्या स्त्रीने केल्याचे दुसरे उदाहरण आपल्या मराठीत कुठे आहे?

एव्हाना बाईंची तब्येत उतरत चालली होती. छातीचे दुखणे, खोकला. कान जवळजवळ गेले. लोकांशी बोलणे कमी झाले. ज्याला ऐकू येत नाही त्याचे एकटेपण निराळेच असते. माणसे समोर असतात, ओठ हलतात, आणि आपण मात्र विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे. रमाबाई अशा एकटेपणात पहाटे उठून प्रार्थना करीत आणि मग भाषांतराची पाने काढून बसत. ऐकण्याचा मार्ग बंद झाला तशी त्यांची शब्दावरची नजर अधिकच बारीक होत गेली, असे मला वाटते. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण तेव्हा त्यांचे चित्त पदकात नव्हते, छापखान्यात होते.

मनोरमाबाई आईचा उजवा हात. शाळेचा कारभार त्यांच्याकडे होता. गुलबर्ग्यालाही त्यांनी काम सुरू केले होते. आईनंतर संस्था हीच चालवणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले. पण त्यांना हृदयाचा विकार जडला. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या, पण औषधाला नको म्हणणाऱ्या नव्हेत. मनोरमाबाईंना मिरजेच्या मिशन इस्पितळात ठेवले होते. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले हे इस्पितळ तेव्हा सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेले. उपचार झाले, प्रार्थनाही झाल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई तिथेच वारल्या. वय अवघे चाळीस.

बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता लेक. सत्तेचाळीस वर्षांत सहा माणसे. सोळाव्या वर्षी भाकरीचा तुकडा हातात घेऊन आईजवळ बसलेली मुलगी आता त्रेसष्ट वर्षांची बहिरी, थकलेली बाई होती. त्या वेळी प्रदक्षिणा घालून देव पावला नाही म्हणून तिची श्रद्धा तुटली होती. या वेळी लेक गेली तरी तुटली नाही. हा फरक कशाने पडला? पूर्वीची श्रद्धा सौद्याची होती. इतके दिले तर इतके मिळेल. तो सौदा फसला, म्हणजे श्रद्धाही गेली. पुढची श्रद्धा तशी नव्हती. मला अमुक दे, एवढ्याचसाठी ती नव्हती. माझ्या बापाने मरताना मला ज्याच्या हाती दिले त्याच्याशी बोलत राहावे, असे काहीसे ते होते. अर्थात हा माझा अंदाज. आतले काय ते त्यांनाच ठाऊक. बाहेरून आपल्याला दिसते ते एवढेच, की मनोरमाबाई गेल्यावरही बाई रोजच्या जागी बसल्या आणि मुद्रिते तपासू लागल्या.

१९२२ साल उजाडले. भाषांतर पुरे झाले होते, पण शेवटच्या भागाची मुद्रिते वाचायची राहिली होती. छातीचा विकार वाढला. मुक्तीत एक आठवण सांगतात, की बाईंनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले. बरे कर असे नाही, आयुष्य वाढव असेही नाही. फक्त मुद्रिते संपेपर्यंतचे दहा दिवस. आयुष्यभर प्रार्थना करणाऱ्या बाईचे हे शेवटचे मागणे इतके बेताचे होते.

ते दहा दिवस मिळाले. शेवटचे पान वाचून झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंनी देह ठेवला. मुलगी जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. पुढचे छपाईचे आणि बांधणीचे काम बायकांनी चालू ठेवले. १९२४ साली संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते हातात घ्यायला बाई नव्हत्या, आणि मनोरमाबाईही नव्हत्या.